नवशिक्याने आणि मध्यम खेळाडूने गोल्फचे क्लब कशाच्या आधारे निवडावेत?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातून गोल्फकडे वळणारी मंडळी थोडी आहेत, पण त्यांचे प्रश्न बहुतेक एकच असतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला दुकानात जाऊन चार क्लब हातात धरून, मोजणी यंत्रासमोर चेंडू मारून निवड करता येते. आपल्याकडे बहुधा ओळखीच्या कोणाचा तरी वापरलेला संच घरी येतो किंवा छायाचित्र पाहून मागवला जातो, आणि तो आपल्याला झेपेल की नाही याचा विचार पैसे देऊन झाल्यावर सुरू होतो. तो विचार आधी, आणि तोही घरच्या घरी, कसा करता येईल यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

माझे मत प्रथमच स्पष्टपणे मांडतो. क्लब निवडताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे आज, आपल्या आताच्या स्विंगने, चेंडू क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूवर, नेमका कोठे लागतो ही होय. वय, किंमत, हँडिकॅपचा (कौशल्यानुसार मिळणाऱ्या सवलतीचा) आकडा, आवडता व्यावसायिक खेळाडू कोणता क्लब वापरतो, या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. कोणाकडून तरी सात नंबरचे आयर्न मागून आणावे, त्याचा फेस कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावा आणि त्यावर टाल्कम पावडरीचा अगदी पातळ थर बोटाने पसरावा. चेंडू मारला की पावडरीत त्याच्या खळग्यांचा गोल ठसा उमटलेला दिसतो. त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, फेस पुन्हा पुसून पावडर लावावी आणि असे दहा-पंधरा ठसे जमवावेत. थकलेल्या हाताने मारलेले शेवटचे चार-पाच ठसे विशेष लक्ष देऊन पाहावेत, कारण अठरा होलच्या खेळात उत्तरार्धातला खेळाडू तोच असतो.

बहुतेक ठसे फेसच्या मध्याजवळ दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत पडत असतील, तर त्या खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य पुष्कळ आहे. ठसे हीलपासून (शाफ्टकडची, म्हणजे दांड्याकडची बाजू) टोपर्यंत (डोक्याचे बाहेरचे टोक) विखुरलेले असतील, तर मागून पोकळ केलेले, म्हणजे कॅव्हिटी बॅक पद्धतीचे, रुंद सोलचे (तळाचे) आयर्नच घ्यावे, मग तो माणूस कितीही वर्षे खेळत असो. मात्र ठसे एकाच जागी, पण सतत टोच्या बाजूला किंवा सतत हीलच्या बाजूला पडत असतील, तर त्याचा अर्थ वेगळा आहे. तिथे मारण्यातले सातत्य उत्तम असते आणि दोष बहुधा शाफ्टच्या लांबीत किंवा चेंडूपासून उभे राहण्याच्या अंतरात असतो. अशा माणसाने ‘सोपे’ क्लब विकत घेऊन काही साधत नाही.

आता ब्लेड आणि कॅव्हिटी बॅक यांतला भेद. ब्लेडमध्ये बहुतेक धातू फेसच्या मध्यामागे एकवटलेला असतो, तर कॅव्हिटी बॅकमध्ये तोच धातू कडेला, हील आणि टोच्या बाजूंना आणि खाली सोलमध्ये नेलेला असतो. चेंडू मध्याबाहेर लागला की क्लबचे डोके हातात पिळले जाते. हे पिळणे जितके जास्त, तितका चेंडूचा वेग कमी आणि दिशा चुकीची. वजन कडेला असले की पिळणे कमी होते, एवढेच त्यामागचे शास्त्र. सोल रुंद असली की गुरुत्वमध्य खाली जातो, चेंडू सहज उचलला जातो आणि क्लब मातीत रुतण्याऐवजी सरकतो. याउलट ब्लेडची सोल अरुंद असते, चेंडू मध्याबाहेर लागल्याचे हाताला लगेच कळते, आणि ज्याला चेंडू मुद्दाम खालून, वरून, डावी-उजवीकडे वळवून मारायचा असतो त्याला ते हवे असते. ज्याला अजून तो सरळ न्यायचा आहे, त्याला त्याचा उपयोग नाही.

हँडिकॅपविषयीही थोडे लिहितो. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली असून तिच्यात कमाल निर्देशांक ५४.० आहे. हा आकडा खेळाडूंना एकमेकांशी बरोबरीने खेळता यावे म्हणून आहे, क्लब ठरवण्यासाठी नाही. १८ हँडिकॅपचा एक गृहस्थ आयर्न सुरेख मारतो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, पटरचे तीन-तीन फटके घालवतो. त्याच हँडिकॅपचा दुसरा ग्रीनवर पक्का असतो आणि फेअरवेवरून (ग्रीनपर्यंतच्या मुख्य पट्ट्यावरून) चेंडू भरकटवतो. दुकानदार दोघांनाही एकच संच दाखवील. माझ्या मते पहिल्याने सगळा पैसा पटर आणि शिकवणीवर घालावा, आणि दुसऱ्याने आयर्न बदलावे.

शेवटचा मुद्दा संख्येचा. नियमाने एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. कमीत कमी किती असावेत याला बंधन नाही. नवशिक्याला सात पुरतात: एक पाच नंबरचे फेअरवे वुड, एक हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब), सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. तीन आणि चार नंबरची लांब आयर्न तर सुरुवातीला घेऊच नयेत. त्यांच्या कमी लॉफ्टने, म्हणजे फेसच्या कमी कलाने, चेंडू उंच नेण्यासाठी लागणारा वेग नवशिक्याकडे नसतो आणि तेच काम हायब्रिड कितीतरी सहज करते. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, मी मुद्दाम वगळला आहे. त्यावर आक्षेप येतील याची कल्पना आहे, तरी मत तेच आहे.

आपापले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

यवतेश्वर (सातारा)

धागा अगदी योग्य वेळी आला, काका. मी चाळिशी ओलांडलेली असून शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात काम करते. रोज धावते, टेनिस खेळत आले आहे आणि आता गोल्फ शिकते आहे. महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जाऊन सराव करते, एरवी घराच्या गच्चीवर जाळी लावून. सध्या यजमानांचा जुना संच वापरते. सगळेजण मला ‘लेडीज’ संच घ्यायला सांगतात. त्या संचाचा शाफ्ट हातात घेतल्यावर मला फारच लवलवता वाटला. यजमानांच्या क्लबने मात्र तासाभरात मनगटे भरून येतात. यातून मार्ग कोणता?

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, ‘लेडीज’ किंवा ‘सीनियर’ ही नावे विक्रीच्या सोयीची आहेत. शाफ्ट निवडायचा तो स्विंगच्या वेगावरून, आणि त्याला वय किंवा स्त्री-पुरुष हा भेद माहीत नसतो.

शाफ्टचा ताठपणा एल, ए, आर, एस आणि एक्स या अक्षरांनी दाखवतात. ढोबळ मानाने ड्रायव्हरचा वेग ताशी ७५ मैलांपेक्षा कमी असेल तर एल किंवा ए, ८५ ते ९५ मैल असेल तर आर, त्यापुढे १०५ पर्यंत एस आणि त्याहून अधिक वेगाला एक्स असे समजतात. ७५ ते ८५ च्या मधल्या पट्ट्यात ए आणि आर दोन्ही मारून पाहावे लागतात. मात्र या अक्षरांचे सर्व कंपन्यांना बांधील असे कोणतेही प्रमाण नाही, त्यामुळे एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका ताठ निघू शकतो. अक्षर वाचून ऑनलाइन मागवण्यात हाच धोका आहे.

तुमच्या वर्णनावरून मला वाटते की ताठपणापेक्षा वजन ही तुमची खरी अडचण आहे. यजमानांच्या क्लबला पोलादी शाफ्ट असणार. आयर्नचा पोलादी शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅम भरतो, तर ग्रॅफाइटचा ५० ते ८० ग्रॅम. तुमच्यासारख्या सरावलेल्या शरीराला ए किंवा आर ताठपणाचा, पण वजनाला हलका ग्रॅफाइट शाफ्ट मानवेल असा माझा अंदाज आहे. पुण्याला जाल तेव्हा तेथील प्रोकडून (व्यावसायिक प्रशिक्षकाकडून) वेग मोजून घ्या आणि दोन्ही प्रकार प्रत्यक्ष मारून पाहा.

लांबी आणि लाय यांकडेही लक्ष द्यावे लागेल. लाय म्हणजे सोल जमिनीवर सपाट टेकवली असता शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन. तो तपासण्यासाठी चेंडूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने जाड रेघ काढावी, ती उभी आणि फेसच्या समोर येईल असा चेंडू ठेवावा आणि मारावा. रेघेचा ठसा फेसवर उतरतो. तो सरळ उभा असेल तर लाय योग्य. त्याचे वरचे टोक टोच्या बाजूला झुकले असेल तर क्लब तुमच्यासाठी फार उभा आहे आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे ओढला जाईल. हीलकडे झुकले असेल तर क्लब फार आडवा आहे आणि चेंडू उजवीकडे जाईल. यजमान तुमच्यापेक्षा बरेच उंच असतील, तर त्यांचा क्लब तुम्हाला उभाच निघेल.

कुपवाड वर्कशॉप (सांगली)

मी कुपवाड एमआयडीसीत कास्टिंगच्या धंद्यात आहे आणि गोल्फ हौसेने खेळतो. कृष्णाकाठ यांनी वजन कडेला नेण्याबद्दल लिहिले आहे ते आमच्या भागात समजावून सांगायला फार सोपे आहे. जुन्या डिझेल इंजिनाचे फ्लायव्हील आठवावे. सगळे वजन कडेच्या रिंगेत असते, म्हणून ते धक्क्याने डगमगत नाही. क्लबचे डोकेही त्याच तत्त्वावर बनवलेले असते. अभियांत्रिकीत याला जडत्व आघूर्ण म्हणतात आणि ड्रायव्हरसाठी नियमाने त्याला ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा घातलेली आहे.

ही कल्पना रुजवणारा माणूस व्यवसायाने अभियंताच होता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करणाऱ्या कार्स्टन सोल्हाइम यांनी हील आणि टोला वजन विभागलेले पटर घरच्या गॅरेजमध्ये बनवायला सुरुवात केली आणि १९५९ मध्ये पिंग ही कंपनी काढली. पटरवर सिद्ध झालेली गोष्ट पुढे आयर्नवर आली. आज साध्यातल्या साध्या संचालाही कॅव्हिटी असते, ती या माणसामुळे.

फोर्जिंग (धातू ठोकून घडवणे) आणि कास्टिंग (ओतणे) या विषयावर बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. फोर्ज केलेले आयर्न बहुधा मऊ कार्बन स्टीलचे असते. कास्टिंगचे आयर्न मेणाचा साचा वितळवून, इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने, बहुतेक वेळा १७-४ किंवा ४३१ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे ओततात. या पद्धतीने मागची पोकळी, खोबणी, कडेचे उंचवटे असा कोणताही गुंतागुंतीचा आकार एकाच ओतकामात मिळतो, म्हणून नवशिक्यांचे क्लब प्रामुख्याने कास्टिंगचे असतात. त्यात कमअस्सल असे काही नाही. ‘फोर्ज्ड म्हणजे भारी आणि कास्ट म्हणजे हलके’ हे समीकरण माझ्यासारख्या भट्टीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला अजिबात पटत नाही.

व्यवहारातला फरक दुसरीकडे आहे. मऊ कार्बन स्टीलच्या क्लबची मान वाकवून लाय आणि लॉफ्ट दोन-तीन अंशांनी सहज बदलता येतो. १७-४ स्टेनलेसचा क्लब मात्र कडक असतो. थोडासा वाकतो, जबरदस्ती केली तर मोडतो. म्हणजे वापरलेला कास्ट संच घेताना लाय आपल्याला जुळते की नाही हे आधीच पाहून घेतले पाहिजे, नंतर दुरुस्त करून घेऊ असे म्हणता येत नाही. आणि कृपा करून ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे नेऊन, गॅसने तापवून वाकवून घेऊ नये. शाफ्ट ज्या चिकट इपॉक्सीने बसवलेला असतो ती उष्णतेने सुटते, आणि सुटलेले डोके पुढच्या फटक्याला कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही.

माहुली संगम (सातारा)

ड्रायव्हर का वगळलात, ही माझी तक्रार आहे. गोल्फचा खरा आनंदच त्यात आहे. मी ९ अंश लॉफ्टचा, एस शाफ्टचा एक नावाजलेला ड्रायव्हर वापरलेला घेतला. चेंडू बहुतेक वेळा कमी उंचीवरून उजवीकडे वळतो. पाच नंबरच्या वुडने मात्र सरळ जातो आणि अनेकदा त्याच्याइतकाच लांब. हा स्विंगचा दोष म्हणायचा की क्लबचा?

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, आनंदाला माझा विरोध नाही. तुमचा अनुभवच माझ्या मुद्द्याचे उत्तम उदाहरण आहे. वळण स्विंगमुळे येते हे खरे, पण तो दोष किती ठळक दिसावा हे लॉफ्ट आणि लांबी ठरवतात. लॉफ्ट जास्त असला की चेंडूला मागे फिरणारी गती जास्त मिळते, त्यामुळे फेस थोडा उघडा राहिला तरी चेंडूच्या फिरण्याचा आस कमी कलतो आणि वळण कमी दिसते. पाच नंबरच्या वुडचा लॉफ्ट सुमारे १८ अंश असतो आणि शाफ्ट ड्रायव्हरपेक्षा दोन-तीन इंच आखूड. आखूड शाफ्टने मध्यावर मारणे सोपे जाते. त्यात चेंडूचा वेग कमी असेल, तर ९ अंशांच्या फेसवरून तो पुरेसा उंच जातच नाही आणि लवकरच खाली येतो.

व्यावसायिकांच्या पिशवीतला ८ किंवा ९ अंशांचा ड्रायव्हर त्यांच्या ताशी ११० मैलांहून अधिक वेगासाठी असतो. तुमचा वेग ९० च्या आत असेल, तर १०.५ ते १२ अंश आणि आर शाफ्ट घ्यावा, आणि शाफ्टची लांबी ४५ इंचांपेक्षा जास्त नसावी. नियम ४८ इंचांपर्यंत परवानगी देतो, पण नियमाची परवानगी म्हणजे शिफारस नव्हे. पावडरीची चाचणी ड्रायव्हरवरही करून पाहा आणि ठसे इथे कळवा.

कुपवाड वर्कशॉप (सांगली)

ड्रायव्हर वापरलेला घेणाऱ्यांसाठी एक भर घालतो. नियमाने डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत असते आणि वजन साधारण २०० ग्रॅम. टायटॅनियमच्या मिश्रधातूची घनता सुमारे ४.४ धरली, तर संपूर्ण डोके धातूचेच असले तरी त्यात धातू जेमतेम ४५ घन सेंटिमीटर भरतो, बाकी सगळी पोकळी. एवढ्या पातळ पत्र्याला तडा गेला असेल तर तो फेसच्या कडेला, वरच्या जोडापाशी सापडतो. नख फिरवून पाहावे. हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज येत असेल तर आतला गोंद किंवा तुकडा सुटलेला आहे.

बनावट मालही बाजारात पुष्कळ आहे. टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून ज्याला ‘टायटॅनियम’ म्हटले आहे त्या फेसला चुंबक घट्ट चिकटला तर तो सौदा तिथेच सोडावा. मात्र चिकटला नाही म्हणून माल अस्सल ठरतो असेही नाही, कारण ॲल्युमिनियमला आणि काही जातींच्या स्टेनलेस स्टीलला देखील तो चिकटत नाही. ग्रॅफाइट शाफ्टवर पिशवीच्या कडेने घासून खोल रेघ पडली असेल तर तो क्लब घेऊ नये. ग्रिप गुळगुळीत झालेली असेल तर हरकत नाही. ती बदलता येते आणि बदलावीच.

अजिंक्यतारा (सातारा)

मला मूळ लेखाशी आदरपूर्वक असहमती नोंदवायची आहे. सोप्या क्लबने शिकलेला माणूस आपले दोष झाकतच पुढे जातो. ब्लेडवर शिकला तर प्रत्येक चूक हाताला कळते आणि सुधारते. स्पेनचे प्रख्यात गोल्फपटू सेव्ह बॅलेस्टेरॉस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एकट्या तीन नंबरच्या आयर्नने शिकले आणि त्याच एका क्लबातून त्यांनी हरतऱ्हेचे फटके तयार केले. कठीण साधनाने शिकलेल्याला पुढे सगळेच सोपे जाते, असे मला वाटते.

कृष्णाकाठ (सांगली)

तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे आणि त्याचा अर्धा भाग मला मान्यही आहे. कमी क्लब घेऊन एकाच क्लबातून अनेक फटके काढायला शिकणे, हे बॅलेस्टेरॉस यांच्या उदाहरणातून घ्यावे आणि म्हणूनच मी सात क्लब सुचवले. पण ते मूल होते, किनारा घराजवळ होता आणि क्लब हातात घेऊन दिवसचे दिवस घालवता येत होते. आपल्या धाग्यावरची बहुतेक मंडळी नोकरी-धंदा सांभाळून, पन्नाशीच्या आसपास, महिन्यातून एक-दोनदा मैदानावर जाणारी आहेत. ब्लेडने दिलेली सूचना कळली तरी ती अंगात मुरवण्यासाठी लागणारे हजारो फटके त्यांच्याकडे नाहीत. दहातले सात फटके फसले की हाताला सूचना मिळण्याऐवजी हात आखडतो, माणूस जोर लावू लागतो, आणि एकदा जोर लावायची सवय लागली की ती सुटणे अवघड.

त्यातून मधला मार्गही आहे. ज्यांचे ठसे बऱ्यापैकी एकत्र येऊ लागले आहेत त्यांनी लहान पोकळीचे, मध्यम सोलचे आयर्न घ्यावे. लांब आयर्नला पोकळी मोठी आणि आखूड आयर्नला लहान अशी मिश्र रचनाही पुष्कळ चांगले खेळाडू वापरतात. नऊ नंबरचे आयर्न तसेही सोपे असते, तिथे मदतीची गरज कमी.

यवतेश्वर (सातारा)

वेजविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून विचारते. माझ्या सँड वेजवर ५६ आणि १४ असे आकडे आहेत. पुण्याच्या बंकरमधून तो चेंडू छान काढतो, पण इकडे एका ओळखीच्यांच्या मुरमाड पडीक रानात सराव केला की चेंडूच्या पोटात लागून सरळ पुढे पळतो.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, हा प्रश्न खास आपल्या मातीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ५६ हा लॉफ्ट आणि १४ हा बाउन्स. क्लबच्या पुढच्या धारेपेक्षा सोलचा मागचा भाग जितका खाली उतरलेला, तितका बाउन्स जास्त. अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेन यांनी वेजच्या तळाशी धातू वाढवून हा आकार घडवला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन तो क्लब पिशवीत घेऊन जिंकली. मऊ वाळूत धार खोल रुतू नये, सोलने वाळूवरून सरकावे, हा त्यामागचा हेतू.

आता हाच क्लब मुरमावर आणा. जमीन दबतच नाही, त्यामुळे उतरलेला भाग जमिनीवर आपटतो, धार वर उचलली जाते आणि चेंडूच्या मध्यावर लागते. सांगलीकडच्या काळ्या रानात तर वर्षभर एकच उत्तर लागू पडत नाही. मे महिन्यात जमीन भेगाळून दगडासारखी झालेली असते तेव्हा ४ ते ६ अंश बाउन्स बरा वाटतो, आणि आषाढात त्याच रानात कमी बाउन्सचा क्लब चिखलात असा घुसतो की मनगटाला हिसका बसतो. पण निवड सरावाच्या रानावरून करू नये, जिथे खेळायचे त्या मैदानावरून करावी. सिंचित हिरवळ आणि वाळूचे बंकर यांसाठी नवशिक्याला ५४ ते ५६ अंशांचा, १० ते १२ बाउन्सचा एक वेज पुरेसा आहे. तुमच्याकडचा १४ चा क्लबही बंकरसाठी उत्तमच आहे, तो बदलू नका. मुरमावर त्याऐवजी पिचिंग वेज वापरा, त्याचा बाउन्स कमी असतो. आणि मुरमाचे खडे फेसवरच्या खाचा झिजवतात, म्हणून सरावाला एखादा जुना, टाकाऊ क्लब वेगळा ठेवा.

गच्चीवरच्या मॅटविषयीही सावध राहावे. चेंडूच्या दोन इंच मागे मारले तरी मॅटवरून क्लब सरकतो आणि फटका बरा गेल्यासारखा वाटतो. मॅटवरच्या फटक्यांवरून रुंद सोल हवी की अरुंद, हे ठरवू नये. कासच्या बाजूच्या सड्यावर चेंडू मारायचा मोह काहींना होतो, तो कटाक्षाने टाळावा. ते पठार जपायचे आहे.

आणखी एक गोष्ट संच घेतानाच पाहावी. पूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असे. आजच्या नवशिक्यांसाठीच्या संचांत तो २८ ते ३० अंशांपर्यंत खाली आला आहे. त्यामुळे ‘माझे सात नंबर तुझ्यापेक्षा लांब जाते’ या तुलनेला अर्थ उरत नाही. अशा संचाचा पिचिंग वेज ४३ अंशांचा असतो. त्यानंतर थेट ५६ चा सँड वेज घेतला, तर मध्ये १३ अंशांची दरी राहते आणि ऐंशी-नव्वद यार्डांचा फटका मारायला हातात क्लबच नसतो. अशा वेळी ४९ किंवा ५० अंशांचा वेज घ्यावा लागतो. संचाच्या जाहिरातीत नंबर असतात. विकणाऱ्याकडून प्रत्येक क्लबचे अंश लिहून मागावेत.

माहुली संगम (सातारा)

चाचणी केली. ड्रायव्हरवरचे ठसे बहुतेक हीलकडे आणि खालच्या अंगाला आहेत. दोन तर शाफ्टच्या मुळाशीच. पाच नंबरच्या वुडवरचे ठसे मध्याच्या बरेच जवळ आहेत. तूर्त ड्रायव्हर घरी ठेवून वुडनेच टी ऑफ (होलचा पहिला फटका) करीन आणि पुण्याच्या प्रोला हे फोटो दाखवीन.

हरिपूर (सांगली)

माझी कन्या अकरा वर्षांची आहे, उंची १४० सेंटिमीटर. अदिती अशोकला टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली पाहिल्यापासून तिला गोल्फचे वेड लागले आहे. नात्यातले एक गृहस्थ आपल्या जुन्या संचातले चार क्लब कापून आखूड करून देतो म्हणाले. ते चालतील का? मूल वाढते आहे, तेव्हा दरवर्षी नवा खर्च करणे आम्हाला शक्य नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

कापलेले क्लब शक्यतो देऊ नयेत. शाफ्ट आखूड केला की तो आणखी ताठ होतो, आणि डोक्याचे वजन मोठ्या माणसाचेच राहते. मुलीला तो क्लब दोन हातांनी ओढावा लागतो, आणि ओढण्याची सवय तिच्या स्विंगमध्ये बसते. मुलांचे क्लब वयावरून नव्हे तर उंचीवरून घ्यायचे असतात. त्यांची डोकी हलकी, शाफ्ट लवचीक आणि ग्रिप बारीक असते. ती ग्रिपवर हात ठेवून सहज वाकून उभी राहिल्यावर ग्रिपचे टोक पोटाला अडकत नाही आणि सोल सपाट टेकते, एवढे पाहिले तरी लांबीचा अंदाज येतो. एखादा इंच वाढीसाठी जास्त चालेल. ती क्लब थोडा खाली धरून खेळेल. दोन-तीन इंच जास्तीचा मात्र घेऊ नये.

खर्चाचे म्हणाल, तर तिला चारच क्लब पुरेत: एक लॉफ्ट जास्त असलेले वुड, एक सात किंवा आठ नंबरचे आयर्न, एक वेज आणि पटर. मुलांचे क्लब झिजण्याआधीच लहान होतात, म्हणून वापरलेले चांगल्या स्थितीत मिळतात आणि तुम्हालाही पुढे कोणाला देता येतील.

पटरवर मात्र सर्वांत जास्त लक्ष द्या. पार ७२ च्या (अपेक्षित फटके ७२ असलेल्या) मैदानावर प्रत्येक ग्रीनला दोन धरून ३६ फटके पटरचेच गृहीत असतात. तिने वाकून उभे राहिल्यावर डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आत येतील आणि हात खांद्यांखाली सैल लोंबतील, एवढीच पटरची लांबी असावी. तो घरात सतरंजीवरही रोज वापरता येतो, तेव्हा सुरुवात त्यापासूनच करा. तिची मनगटापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून इथे लिहिली, तर पटर आणि आयर्न दोन्हींची लांबी सुचवता येईल.

हरिपूर (सांगली)

मनःपूर्वक आभार. बूट घालून सरळ उभे करून मोजले, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत ६८ सेंटिमीटर भरले. ती डावखुरी आहे हे लिहायचे राहिले. जेवण आणि लेखन डाव्या हाताने करते, पण क्रिकेटची बॅट मात्र उजव्या बाजूने धरते.

कृष्णाकाठ (सांगली)

मग क्लबही उजव्या हाताचेच घ्या. बॅट जशी धरते तशीच ती क्लब फिरवील. तरी विकत घेण्यापूर्वी एखादी हलकी काठी देऊन दोन्ही बाजूंनी झुलवायला सांगा आणि तिला कोणती बाजू सुचते ते पाहा. डावी बाजूच सहज वाटली तर डाव्या हाताचे क्लब शोधावे लागतील. वापरलेल्यांत ते मुश्किलीने मिळतात, पण उजव्या हाताच्या क्लबने जबरदस्तीने शिकवू नका. भारताची गोल्फपटू दीक्षा डागर डावखुऱ्या क्लबनेच खेळते. लांबीसाठी १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलांचा म्हणून जो संच मिळतो तोच मागवावा, त्याच्या पुढचा नको. पटर २८ ते ३० इंचांच्या दरम्यान पाहा.